आभासी वर्गात मार्गदर्शित चर्चा कशी घ्यावी: नव्या शिक्षकांसाठी पायरीवार मार्गदर्शन

ऑनलाइन तासाला पडद्यावर साठ नावे दिसतात, शिक्षक चाळीस मिनिटे बोलतात आणि शेवटी "कुणाला काही शंका?" असे विचारतात. दोन-तीन सेकंदांत "नाही सर", "नाही मॅडम" एवढेच चॅटमध्ये उमटते आणि तास संपतो. यावरून विद्यार्थ्यांना विषयात रस नाही असा निष्कर्ष काढणे सोपे असते, पण तो बहुधा चुकीचा असतो. चर्चा ही तासाच्या शेवटी उरलेल्या वेळात आपोआप घडणारी गोष्ट नसून, तिची तयारी व्याख्यानाइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, करावी लागते. ज्या चर्चेचा प्रश्न, आधीचे वाचन, गट, वेळ आणि शेवटी हाती यावयाचा मजकूर शिक्षकाने आधी ठरवलेला असतो, पण उत्तर मात्र ठरवलेले नसते, तिला येथे मार्गदर्शित चर्चा म्हटले आहे.

मी पदवीच्या वर्गांना भूगोल शिकवते. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन तास नाइलाज म्हणून आले. आता जादा तास, बहिःस्थ विद्यार्थ्यांचे संपर्कवर्ग आणि केंद्र सरकारच्या 'स्वयम्'सारख्या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रम यांमुळे ते कायमचे झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून घेता येतात, आणि त्या अभ्यासक्रमांच्या रचनेत चित्रफीत, वाचनसाहित्य व स्वयंचाचणी यांच्या जोडीला चर्चा हा चौथा घटक मुळातच आहे. पुढील पायऱ्या समजण्यास सोप्या जाव्यात म्हणून मी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे: मराठवाड्यातील ऊस आणि पाणी. तुमचा विषय इतिहास, वाणिज्य किंवा मराठी साहित्य असला, तरी सांगाडा हाच राहील.

आधी जवळ ठेवावयाच्या गोष्टी

- इंटरनेट जोडलेला लॅपटॉप किंवा संगणक. विद्यार्थी मोबाइलवरून सहभागी झाले तरी चालते. गट पाडणारे शिक्षक मात्र मोबाइलवर असू नयेत.
- वेगळ्या नेटवर्कचे सिम असलेला मोबाइल. वीज गेली, तर तास त्यावरून पुढे चालवता येतो.
- विद्यार्थ्यांची यादी. तीत प्रत्येकाच्या नावापुढे उपकरण कोणते आणि ते घरात कोणाकोणात वाटून वापरले जाते, याची नोंद असावी. ही माहिती सत्राच्या सुरुवातीला एका छोट्या गूगल फॉर्मवर मागवता येते.
- एक पानी वाचन, पीडीएफ स्वरूपात. ते इतके हलके असावे की व्हॉट्सअॅपवर सहज उघडेल.
- प्रत्येक गटासाठी स्वतंत्र पान असलेले एक सामायिक गूगल डॉक.
- मिनिटांची विभागणी लिहिलेला कागद. तो लॅपटॉपच्या शेजारी राहू द्यावा. पडद्यावर ठेवल्यास ऐन वेळी दहा खिडक्यांखाली हरवतो.

गूगलचा जॅमबोर्ड (ऑनलाइन फळा) वापरावा असा सल्ला जुन्या प्रशिक्षण-पुस्तिकांत अजून आढळतो. ती सेवा ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाली आहे, तेव्हा तिच्यावर आधारलेली कोणतीही योजना आखू नये.

१. प्रश्न घडवावा

सर्वाधिक वेळ या पायरीवर द्यावा, कारण प्रश्न फसला तर पुढचे काहीही सावरत नाही. "मराठवाड्यातील पाणीटंचाईची कारणे सांगा" हा परीक्षेचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात असते आणि पहिल्या विद्यार्थ्याने ते वाचून दाखवले की बाकीच्यांना बोलण्यासारखे काही उरत नाही. "ऊस चांगला की वाईट?" हा प्रश्न दुसऱ्या टोकाला जातो. त्यावर बोलायला माहिती लागत नाही, त्यामुळे दोन-तीन मोठे आवाज तावातावाने भांडतात आणि बाकीचे म्यूटवर बसून ऐकतात.

चर्चेसाठी असा प्रश्न हवा ज्यात निर्णय घ्यावा लागतो, त्या निर्णयाची किंमत कोणाला तरी मोजावी लागते आणि दोन्ही बाजूंना आधार सापडू शकतो. मी तो असा मांडते: "लातूर जिल्ह्यातील धरणाचा साठा ठरावीक पातळीखाली गेला, तर त्या वर्षी उसाच्या नव्या लागवडीला परवानगी द्यावी का? नाकारावयाची असल्यास त्या शेतकऱ्याचे नुकसान कोणी भरून द्यावे?" प्रश्नाचा दुसरा भाग आवश्यक आहे. तो नसेल तर बहुतेक विद्यार्थी "बंदी घालावी" असे एका वाक्यात सांगून मोकळे होतात; तो असला की ऊस लावणाऱ्या घरातून आलेला विद्यार्थी बोलू लागतो आणि वर्गाला प्रथमच कळते की हा प्रश्न कोणाच्या तरी संसाराचा आहे.

प्रश्न तयार झाल्यावर स्वतः त्याची तीन भिन्न उत्तरे लिहून पाहावीत. तिसरे उत्तर सुचत नसेल, तर प्रश्न अजून बंदिस्त आहे असे समजावे.

२. वाचन एका पानात आणि दोन दिवस आधी द्यावे

चाळीस पानी अहवालाचा दुवा पाठवणे म्हणजे वाचन देणे नव्हे. माझ्या एका पानावर चार मुद्दे असतात. पहिला मुद्दा लातूरचा: एप्रिल २०१६ मध्ये त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. दुसरा पिकाच्या मुदतीचा: लागवडीच्या हंगामानुसार 'सुरू' उसाला साधारण १२ महिने, पूर्वहंगामी उसाला १४ ते १५ आणि आडसाली उसाला १६ ते १८ महिने लागतात, म्हणजे आडसाली ऊस किमान एक उन्हाळा शेतात काढतोच. तिसरा भावाचा: उसाला रास्त आणि किफायतशीर दर ठरलेला असतो आणि माल घेणारा कारखाना समोर असतो, तूर-सोयाबीनला हमीभाव जाहीर झाला, तरी माल खरेदी केंद्रावर घेतला जाईलच याची खात्री शेतकऱ्याला नसते. चौथा कायद्याचा: महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ आणि त्यातील समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व.

पानाच्या तळाशी एक काम द्यावे: "तुमच्या गावात किंवा वस्तीत मे महिन्यात पाणी कोठून येते, हे घरातील मोठ्या माणसाला विचारून दोन ओळींत लिहा." या दोन ओळींचा उपयोग दुहेरी आहे. प्रत्येकाच्या हाती इतरांकडे नसलेली माहिती येते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून उत्तर आणून चिकटवण्याचा मोह बराच कमी होतो, कारण आजीने सांगितलेली विहीर त्या साधनाला ठाऊक नसते.

३. गट आधीच पाडावेत

साठ जणांच्या ऑनलाइन वर्गात सर्वांसमोर बोलण्याचे धाडस मोजकेच करतात. चार ते पाच जणांच्या गटात मात्र न बोलणेच अवघड होते. गटांची यादी आदल्या दिवशी जाहीर करावी. ऐन तासात यंत्राकडून गट पाडून घेतले, तर एकाच गटात पाचही जण कमकुवत नेटवर्कचे येऊ शकतात. प्रत्येक गटात लॅपटॉपवर असलेला किमान एक विद्यार्थी असावा, म्हणजे डॉकमध्ये लिहिण्याचे काम अडत नाही. मित्रमैत्रिणींना पूर्णपणे वेगळे करू नये. एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याचा माइक सुरू होत नाही.

प्रत्येक गटाला एक भूमिका द्यावी. माझ्या उदाहरणात मांजरा धरणाच्या लाभक्षेत्रातील ऊस उत्पादक, लातूर शहरातील नळधारक, साखर कारखान्याचा संचालक, बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार आणि जलसंपदा विभागाचा अभियंता अशा पाच भूमिका असतात. वर्ग मोठा असल्यास एकच भूमिका दोन-तीन गटांना देते. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथील शाळांत राबवलेल्या 'जिगसॉ' पद्धतीत विद्यार्थी आधी एका गटात एक भाग शिकतात आणि मग नव्या गटात जाऊन तो इतरांना शिकवतात. ही दुसरी फेरी उत्तम आहे, पण एका ऑनलाइन तासिकेत ती बसवण्याचा प्रयत्न करू नये. लोक एका खोलीतून दुसरीत जाईपर्यंतच पाच-सात मिनिटे जातात. सलग दोन तासिका असतील तरच ती घ्यावी.

साधनांच्या मर्यादा येथे नीट पाहाव्यात. झूमच्या मोफत खात्यात ब्रेकआउट रूम (वर्ग छोट्या गटांत विभागणाऱ्या आभासी खोल्या) मिळतात, पण बैठक ४० मिनिटांनी संपते. गूगल मीटमध्ये ब्रेकआउटची सोय फक्त सशुल्क आवृत्त्यांत असल्यामुळे महाविद्यालयाच्या साध्या खात्यावर ती बटणे दिसत नाहीत. तेव्हा प्रत्येक गटासाठी मीटचा वेगळा दुवा आधी तयार करून ठेवावा आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या मदतीने तो तपासून घ्यावा, कारण काही दुव्यांत शिक्षक येईपर्यंत विद्यार्थ्यांना प्रवेश मिळत नाही. नेटवर्क फारच कमी असेल, तर पाच जणांचा व्हॉट्सअॅप ऑडिओ कॉल सर्वांत भरवशाचा ठरतो. मात्र त्यासाठी विद्यार्थिनींचे मोबाइल क्रमांक त्यांना न विचारता गटात उघड करू नयेत. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण रात्री-अपरात्री येणाऱ्या अनोळखी संदेशांचा त्रास एकदा सुरू झाला की ती मुलगी चर्चेपासून आणि पुढे वर्गापासूनही दूर जाते.

४. पहिली पाच मिनिटे सर्वांनी लिहावे

तास सुरू झाल्याबरोबर बोलायला सांगू नये. प्रश्न पडद्यावर ठेवावा, तो दोनदा वाचावा आणि प्रत्येकाने दोन वाक्ये लिहावीत असे सांगावे. चॅटमध्ये लिहावयाचे असल्यास "मी सांगेपर्यंत पाठवू नका" अशी सूचना द्यावी आणि ठरलेल्या क्षणी सर्वांनी एकाच वेळी पाठवावे. असे केले नाही, तर पहिल्या दोन हुशार विद्यार्थ्यांचे मत वाचून बाकीचे "मीही सहमत" एवढेच लिहितात. शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या 'थिंक-पेअर-शेअर' या पद्धतीचा पायाही हाच आहे: आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग सर्वांसमोर. पहिला टप्पा गाळला, की उरलेले दोन फक्त बोलक्यांचे होतात.

लिहिताना प्रमाण मराठीचा आग्रह धरू नये. "आमच्याकडं बोअरला पानी लागंना" हे वाक्य चर्चेला पुरेसे आहे. लेखननियमांचा तास वेगळा घ्यावा.

५. गटांत गेल्यावर काम आणि मुदत स्पष्ट असावी

गटांत पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी द्याव्यात: किती मिनिटे, कोण काय करणार आणि परत येताना काय आणावयाचे. बारा ते पंधरा मिनिटे पुरतात. एकाने वेळ पाहावी, एकाने डॉकमध्ये लिहावे, एकाने परतल्यावर मांडणी करावी. ही कामे दर वेळी फिरती ठेवावीत, नाहीतर लेखनाचे काम एखाद्या मुलीकडे आणि मांडणीचे एखाद्या मुलाकडे कायमचे चिकटते. परत आणावयाची वस्तू नेमकी असावी. "चर्चा करा" असे सांगितल्यास गप्पा होतात. "आपल्या भूमिकेतून एक निर्णय, त्यामागील दोन कारणे आणि स्वतःच्याच निर्णयाविरुद्धचा सर्वांत भक्कम आक्षेप लिहा" असे सांगितल्यास काम होते.

या वेळात तुम्ही प्रत्येक गटात डोकवावे, पण दोन मिनिटांहून अधिक थांबू नये. शिक्षक आले की विद्यार्थी आपापसांत बोलणे थांबवून शिक्षकांशी बोलू लागतात. सामायिक डॉक उघडे ठेवले, तर कोणत्या गटाचे पान कोरे आहे हे न जाताही कळते आणि आधी कोठे जावे ते ठरवता येते.

६. परत आल्यावरचे वीस मिनिटांचे संचालन

गट परत आले की शिक्षकाचे खरे काम सुरू होते, आणि बहुतेक नवे शिक्षक येथेच घाईने पुन्हा व्याख्यान सुरू करतात. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचे निरीक्षण करून दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात, आणि हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांब, साधार आणि अधिक विद्यार्थ्यांकडून येऊ लागतात. ते निरीक्षण प्रत्यक्ष वर्गाचे होते. ऑनलाइन वर्गात आवाज पोहोचायला उशीर होतो, माइक सुरू करावा लागतो, मागे मिक्सर चालू असेल तर दुसऱ्या खोलीत जावे लागते. म्हणून मनात दहापर्यंत अंक मोजावेत. ती शांतता तुम्हाला जड जाईल, विद्यार्थ्यांना नाही.

प्रत्येक गटाला क्रमाने पाच-पाच मिनिटे देऊन संपूर्ण मांडणी ऐकण्याची पद्धत कंटाळवाणी आहे; तिसऱ्या गटापर्यंत निम्मा वर्ग मनाने निघून गेलेला असतो. त्याऐवजी एका गटाचा निर्णय घ्यावा आणि थेट विरुद्ध हित असलेल्या गटाकडे जावे. कारखान्याचा संचालक म्हणतो की ऊस थांबला तर गाळप थांबेल. मग ऊसतोड कामगारांच्या गटाला विचारावे की गाळप थांबले तर तुमच्या घरात त्या हंगामात काय होईल. या ठिकाणी उत्तर अपेक्षेहून वेगळे येण्याची शक्यता असते, कारण कामगार मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही तोडणीला जातो. लातूरचा एक कारखाना बंद पडल्याने त्याचे सगळेच काम जात नाही. असा धागा सापडला की तो सोडू नये, वेळापत्रकातील पुढचा मुद्दा गेला तरी चालेल.

संचालनासाठी काही वाक्ये हाताशी ठेवावीत: "हे कशावरून म्हणता?", "वाचनातील कोणता मुद्दा याला आधार देतो?", "आधीच्या वक्त्याचे म्हणणे एका वाक्यात सांगून मग तुमचे सांगा", "हे मत कोणत्या परिस्थितीत तुम्ही बदलाल?" यांतील तिसरे वाक्य मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण त्यामुळे विद्यार्थ्यांना एकमेकांचे ऐकावेच लागते. "छान", "बरोबर" असे लगेच म्हणणे टाळावे. शिक्षकाने बरोबर म्हटले की चर्चा संपली असे विद्यार्थी समजतात.

ऑनलाइन शिक्षणाचे अभ्यासक गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० मध्ये मांडलेल्या चौकटीनुसार अशी चर्चा चार अवस्थांतून जाते: प्रश्न उभा राहणे, शोध घेणे, विविध मतांची जुळणी करणे आणि निर्णयाला येणे. ऑनलाइन चर्चांच्या अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे की बहुतेक चर्चा दुसऱ्या अवस्थेतच रेंगाळतात. प्रत्येक जण आपले मत मांडतो आणि ती मते शेजारी-शेजारी पडून राहतात. जुळणी आपोआप होत नाही, ती शिक्षकाने मागावी लागते. शेवटच्या पाच मिनिटांत, "या पाच भूमिकांपैकी किमान तिघांना मान्य होईल असा एक ठराव तीन ओळींत लिहा" असे सांगून सर्वांकडून डॉकमध्ये मसुदा घ्यावा.

आवाजाचा आग्रह धरू नये आणि कॅमेऱ्याचाही धरू नये. एका खोलीच्या घरात भावंडे अभ्यास करत असतात, दिवसाचा एक-दीड जीबी डेटा दुपारपर्यंत संपलेला असतो, आणि घराची भिंत वर्गाला दाखवावी असे प्रत्येकाला वाटत नाही. चॅटमध्ये लिहिलेले मत तुम्ही स्वतः मोठ्याने वाचून, नाव घेऊन, चर्चेत आणावे. असे दोन-तीनदा झाले की लिहिणारा विद्यार्थी पुढच्या वेळी माइक सुरू करतो, असा माझा अनुभव आहे. केला नाही, तरीही तो सहभागीच असतो.

७. तासात न आलेल्यांसाठी लेखी चर्चा

रेंज नसल्याने किंवा कामावर गेल्यामुळे काही विद्यार्थी त्या वेळी येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी तोच प्रश्न तीन-चार दिवस खुला ठेवावा. गूगल क्लासरूममध्ये 'प्रश्न' या प्रकारात विद्यार्थ्यांना एकमेकांच्या उत्तरांवर लिहिण्याची मुभा देता येते. तुमच्या महाविद्यालयात मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची प्रणाली) असल्यास त्यातील प्रश्नोत्तर प्रकारची चर्चा निवडावी. तीत स्वतःचे मत नोंदवल्याशिवाय इतरांची मते दिसत नाहीत. अंतिम मुदत रविवारी मध्यरात्रीची ठेवली, तर सगळे संदेश रविवारी रात्री अकरानंतरच येतात. म्हणून दोन मुदती द्याव्यात: स्वतःच्या मतासाठी बुधवार, दुसऱ्या कोणाच्या मताला उत्तर देण्यासाठी शनिवार.

८. गुण कशाला द्यावेत

गुण दिले नाहीत तर अर्धा वर्ग येत नाही; संदेशांच्या संख्येला गुण दिले तर "खूप छान विचार" अशा ओळींचा पूर येतो. अंतर्गत मूल्यमापनातील लहानसा भाग, समजा दहा गुण, चर्चेसाठी ठेवून त्याचे निकष आधीच सांगावेत. मी चार गुण आधाराला देते, म्हणजे वाचनातील किंवा गावातील माहिती वापरली का याला. चार गुण दुसऱ्याच्या म्हणण्याला दिलेल्या उत्तराला. आणि दोन गुण चर्चेनंतर स्वतःचे मत बदलले किंवा पक्के झाले याचे कारण लिहिण्याला. भाषा, उच्चार, कॅमेरा आणि बोलण्याची लांबी यांना गुण नसावेत. गटाचे आणि व्यक्तीचे गुण वेगळे ठेवावेत, अन्यथा एकाच्या कष्टावर चौघे पास होतात आणि तो एक पुढच्या वेळी गटात यायलाच नको म्हणतो.

९. ध्वनिचित्रमुद्रण करताना

मुद्रण सुरू आहे हे तासाच्या आरंभी तोंडी आणि चॅटमध्ये लेखी सांगावे. गटांतील बोलणे मुद्रित करू नये. तेथे विद्यार्थी घरातल्या कर्जाविषयी, कारखान्याने थकवलेल्या बिलाविषयी बोलतात, आणि ते गावभर फिरावे असे त्यांनी गृहीत धरलेले नसते. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते, त्यामुळे अकरावी-बारावीच्या वर्गांत पालकांची संमती आधी घेऊन ठेवावी. मुद्रणाचा दुवा फक्त वर्गापुरता ठेवावा, सत्र संपल्यावर ते काढून टाकावे आणि त्याऐवजी गटांचे डॉक जपावे, कारण पुढच्या वर्षीच्या वर्गाला "मागच्या तुकडीने हा ठराव केला होता, यात काय राहून गेले?" असा नवा प्रश्न त्यातूनच देता येतो.